लोधिवलीचं स्थळ

मी माझ्या वडिलांचं लग्न ठरवायला गेले तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते आणि मुलीकडच्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तसं ते मुलालाही माहीत नव्हतं.

मी कर्जतला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. शिवाय व्याख्यानं देते. ‘साहित्यातलं आणि सिनेमातलं प्रेम’ हा माझा हातखंडा विषय. महिला मंडळं, वाचनालयं, एकदा तर भाताच्या बियाण्याच्या दुकानाच्या उद्घाटनालाही मी प्रेमावर बोलले आहे. (लोक ऐकून घेतात. नंतर चहा असतो.) तेव्हा प्रेम म्हणजे काय हे तालुक्यात कुणाला कळत असेल तर ते मला, असा माझा समज होता.

आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाबा माझ्याकडेच राहायचे. पहिलं वर्ष ते खिडकीशी बसून होते. जेवायला बोलावलं की येत, झोपायला सांगितलं की झोपत. त्यातच त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केली आणि मी ती इतक्या सक्तीने पाळली की त्यांच्या आंघोळीची बादलीसुद्धा मीच भरून ठेवत असे. माणूस अजून आहे, पण घरातून निघून गेलाय, असं त्यांच्याकडे बघून वाटायचं.

आणि एका उन्हाळ्यात ते अचानक सुधारले. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून चौकच्या एसटीने कुठेतरी जायला लागले. विचारलं की म्हणत, “जरा पाय मोकळे करून येतो.” पाय मोकळे करायला माणूस एसटीने का जाईल, हे मी विचारलं नाही. मग त्यांच्या पिशवीत मला केस काळे करायचं पाकीट सापडलं. बाबांचं डोकं निवृत्तीच्या आधीपासून पांढरंशुभ्र आहे आणि तसंच राहिलं होतं. म्हणजे नुसता विचार चालू होता. पुढच्या आठवड्यात पावडरचा मोठा डबा. नंतर गुलाबपाणी.

तरी मी गप्प होते. पण एक दिवस ते गॅलरीत फोनवर बोलताना मी ऐकलं. आवाज इतका मऊ की तो आईशी बोलतानासुद्धा मी कधी ऐकला नव्हता.

“झोप लागली का नीट? पाठ दुखतेय? बघू, उद्या चोळून देतो. आणि हे बघ, मी आल्याशिवाय आंघोळ करायची नाही. सांगून ठेवतो.”

मी कपडे वाळत घालत होते. बादली तशीच ठेवून मी दादाला फोन लावला.

दादा माझा थोरला भाऊ. शेलूला नव्या वसाहतीत राहतो आणि कुठल्याही गोष्टीवर आधी गाडी काढतो. दुसऱ्या दिवशी तो चौकच्या एसटीच्या मागे मागे गाडी घेऊन गेला. एसटीचा पाठलाग करायचा तर प्रत्येक थांब्यावर थांबावं लागतं. तिसऱ्या थांब्याला एक म्हातारी दार उघडून त्याच्या गाडीतच बसली. तिला चौकला सोडून, तिथून रिक्षाने पुढे निघालेल्या बाबांना गाठून, दादा कसाबसा लोधिवलीला पोचला. संध्याकाळी त्याने येऊन माहिती दिली.

“घर बैठं आहे. पुढे अंगण. दार एका बाईने उघडलं. साठीची असेल. तिने पिशवी घेतली आणि बाबा चपला काढून आत गेले.”

“ओटीवर बसले नाहीत?”

“नाही. थेट आत.”

“कपाळावर कुंकू?”

“नव्हतं.”

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचं म्हणणं, आईला जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत. मी त्याची समजूत काढली. त्यासाठी मला माझं व्याख्यान जवळजवळ सगळंच द्यावं लागलं. उतारवयातलं प्रेम, सोबतीची गरज, समाजाची बंधनं. “आपण पुढाकार घ्यायचा,” मी म्हटलं. “चोरून जातायत बिचारे. आपण रीतसर मागणी घालायची.” माझे यजमान पेपर वाचत होते. ते एवढंच म्हणाले, “आधी बाबांना विचारा.” पण ते हिशेबाचे माणूस आहेत, त्यांना प्रेमातलं काय कळणार, म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

बाबा बँकेत जातो म्हणून बाहेर पडले त्या दिवशी आम्ही दोघं लोधिवलीला गेलो. बरोबर पेढे, नारळ आणि मोतिया रंगाची साडी. विधवेची ओटी भरायची असा माझा पुरोगामी बेत होता आणि त्याबद्दल मला गाडीतच अभिमान वाटायला लागला होता.

बाईंचं नाव हिराबाई. ठेंगण्या, काटक, हात ओले. मी बाबांचं नाव सांगताच त्यांचा चेहरा उजळला.

“अगं बाय, तू नंदा गं? ये, बस. तुमचे बाबा म्हंजे देवमाणूस हाय. ते नसते तर आमचं काय खरं नव्हतं.”

मी दादाकडे अर्थपूर्ण पाहिलं.

“बाबांची आणि तुमची ओळख कधीपासूनची?” मी हळुवारपणे विचारलं.

“लग्नाच्या आदीपासनं.”

दादाने ठसकत विचारलं, “कुणाच्या लग्नाच्या?”

“माज्या. तवा लय यायचे. मंग नोकरीला लागले, कर्जतला गेले, कमी झालं येणं. आता पुना येतात. ते आले की यांना बरं वाटतं.”

आता मराठी शिकवणाऱ्या बाईला ‘यांना’ या शब्दावर थांबायला हवं होतं. पण मला तेव्हा व्याकरण सुचत नव्हतं. मी साडी आणि नारळ पुढे ठेवला आणि बोलायला लागले. माणसाला शेवटी सोबत लागते, असं म्हणाले. लोक काय म्हणतील याची पर्वा करू नका, असं म्हणाले. आईची जागा कुणी घेऊ शकणार नाही, पण घर दोन माणसांनी होतं, असंही म्हणाले. “तेव्हा बाबांसाठी आम्ही तुम्हाला रीतसर मागणी घालायला आलोय. तुमची पसंती असेल तर तारीख ठरवू.”

हिराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग साडीकडे. मग पदराला हात पुसत उठल्या.

“मंग यांना इचारायला लागंल,” त्या म्हणाल्या.

“कुणाला?”

“माज्या घरधन्याला.”

त्यांनी आतलं दार ढकललं. आत खाटेवर एक धिप्पाड माणूस टेकून बसवलेला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवला तसाच पडलेला. तोंडाची एक बाजू खाली ओढलेली. केस काळेभोर, ताजे रंगवलेले. अर्ध्या गालावर साबणाचा फेस. आणि शेजारी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात वस्तरा घेऊन आमचे बाबा उभे. ते बँकेत गेले नव्हते.

“सगळं ऐकू येतं इथं,” बाबा म्हणाले. त्यांनी वस्तरा भांड्यात बुडवला. “मुलगा काय करतो ते हिराने विचारलं नाही का?”

“कुंकू नव्हतं,” दादा अपराध्यासारखा पुटपुटला.

“टिकलीनं चट्टा पडतो मला,” हिराबाई म्हणाल्या.

तेवढ्यात खाटेवरून विचित्र आवाज आला. घशातून, खोलातून. बाळारामकाकांचं (हे त्यांचं नाव मला नंतर कळलं) अर्धं तोंड हलत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सगळं अंग गदगदत होतं. हिराबाई धावल्या. “काय होतंय? काय होतंय वो?”

“हसतोय,” बाबा म्हणाले. “हिरा, हसतोय तो.”

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तीन महिन्यांत ते पहिल्यांदा हसत होते. मी लाजेने मेले होते, पण क्षणभर मलाही बरं वाटलं. मग हसण्यातून ठसका निघाला. लाळ घशात गेली, ठसका थांबेना, चेहरा जांभळा पडत गेला. बाबांनी त्यांना कुशीवर केलं, पाठीवर थोपटलं. उपयोग होईना. “गाडी काढ,” बाबा दादाला ओरडले. आणि ज्या माणसाला मी पाण्याची बादली उचलू देत नव्हते त्याने त्या धिप्पाड माणसाला काखेत धरून खाटेवरून उचललं.

इस्पितळात डॉक्टर तरुण होता.

“घशात काय गेलं? अन्न?”

“लाळ,” दादा म्हणाला.

“झोपलेले होते?”

“हसत होते.”

“अशा अवस्थेत? हसण्यासारखं काय झालं?”

दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. मला सांगावं लागलं. दोन वाक्यांत सांगितलं, माझं आयुष्यातलं सर्वांत छोटं व्याख्यान.

“त्यांच्या पत्नीला मागणी? त्यांच्यासमोर?”

“शेजारच्या खोलीतून,” मी म्हटलं.

तो आत गेला. मी बाकाकडे वळले तर बाबा तिथे पोट धरून बसलेले, चेहरा राखेसारखा. हर्निया पुन्हा बाहेर आला होता. संध्याकाळपर्यंत त्यांनाही त्याच इस्पितळात भरती केलं. एका मागणीत दोन माणसं आडवी झाली.

मी रडत बाबांच्या उशाशी बसले. “मला का नाही सांगितलंत?”

“तू त्याला उचलू दिलं नसतंस.”

“माणूस ठेवला असता ना कुणी.”

“परक्याकडून अंग धुऊन घ्यायला लाजतो तो. झटका आल्यावर ठेवला होता एक माणूस. हा तोंड फिरवून रडायचा. चौकच्या शाळेपासून आम्ही एकत्र. पाताळगंगेत उघडे पोहलोय. माझी त्याला लाज नाही.” बाबांनी पांघरूण सारखं केलं. “तुझी आई खाटेला खिळली तेव्हा तुम्ही बाई ठेवलीत. मला म्हणालात, तुम्ही बाहेर बसा, तुम्हाला झेपणार नाही. मी बाहेर बसलो. शेवटी तिच्या पाठीला काय झालं होतं ते मी पाहिलंसुद्धा नाही. याच्या पाठीला तसं होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून पावडर.”

गुलाबपाणी, पावडर, केसांचा रंग. यातलं माझ्या व्याख्यानात काहीच बसत नव्हतं. आमच्या सिनेमात मित्र असतो तो नायकाच्या वाटणीची गोळी खायला. कादंबरीत तो असतो चिठ्ठ्या पोचवायला. तो म्हातारा झाला, लुळा पडला, तर त्याचे केस कुणी रंगवायचे, हा प्रश्न कुठल्या पुस्तकात आलेला मला आठवेना.

बाळारामकाका त्यातून घरी आले, पण छातीत कफ धरला तो सुटला नाही. डॉक्टर म्हणाले, कफ आधीपासूनच होता, त्या दिवसाचं निमित्त झालं. मी ते लगेच मान्य केलं. माणसाला जगायचं असतं.

बाबांना खाटेवरून उठायची बंदी होती, म्हणून लोधिवलीची पाळी आमच्यावर आली. दादा रविवारी जायचा. एसटीच्या मागे फिरणारा हा माणूस दाढी इतकी हलक्या हाताने करायचा की काका डोळे मिटून घ्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं होतं. दादाने कपडे काढून, नुसता पंचा लावून त्यांच्याबरोबर आंघोळ केली. मग त्यांनी तोंड वळवलं. मी मात्र नखं कापताना रक्त काढलं, पेज भरवताना गळ्यात सांडली, कूस बदलताना त्यांचा दुखरा हात अंगाखाली दाबला. शेवटी हिराबाईंनी मला खाटेपासून दूर खुर्ची मांडून दिली.

भात कापणीला आलं तेव्हा बाळारामकाका गेले. सकाळी, हिराबाई चहा ओतत असताना. बाबांना खांदा द्यायला कुणी दिलं नाही. ते तिरडीच्या बाजूने चालत राहिले, एक हात तिला लावून. सगळी वाट ते बाळारामकाकांशी काहीतरी बोलत होते. मी मागे होते, मला ऐकू आलं नाही.

त्या वेळी हिराबाई रडल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, “तीन म्हैने माज्याकडं बघून नुसते रडत होते गं हे. तू आलीस तवा हसले. तेवढं मी धरून हाय.” हे त्या मनापासून म्हणाल्या की माझी समजूत काढायला, ते मला आजही ठरवता येत नाही.

दहाव्याला सगळा गाव कामाला लागला होता. दादा हंडे उचलत होता. माझे यजमान पत्रावळ्या मांडत होते. बाबा अंगणात खुर्चीवर बसून होते, हात मांडीवर, खिडकीशी बसायचे तसे. मी स्वयंपाकघरात जाऊन भोपळा चिरायला घेतला. हिराबाईंनी माझ्यापुढची विळी ओढून घेतली.

“तू बाहेर जा, बाय. यांच्यावर चार शबूद बोल. तुला तेवढंच येतं.”

मी पदर नीट केला, अंगणात जाऊन उभी राहिले. लोक गप्प झाले. मी घसा साफ केला आणि बाबांकडे पाहिलं. तेवढंही आलं नाही.