अलनी कोण?

पेणहून निघताना पिशवीत पोह्यांचे पापड होते आणि डोक्यात राग. ताईचा मुलगा फोनवर म्हणाला होता, "मावशी, बाबांचं वय झालं आता. माणसं ओळखत नाहीत. टेन्शन घेऊ नको, असंच चालणार." असंच कसं चालेल? गेल्या रविवारी याच दाजींनी मला निवटी (खाडीच्या चिखलातला मासा) कशी साफ करायची ते फोनवर पायरीपायरीनं सांगितलं होतं. एवढ्यात माणूस हरवतो होय? तीस वर्षं शाळेत शिकवलंय, 'जाऊ दे' म्हणायची मला सवय नाही.

उरण फाट्यावर एसटीतून उतरून रिक्षा केली. सीवूड्सच्या उंच इमारती संपतात न संपतात तोच करावे गाव लागतं, अरुंद गल्ल्यांचं, दारात जाळी वाळत घातलेलं. दाजी पलंगावर बसून हवेतून काहीतरी चिमटीनं उचलत होते. मी समोर बसले. त्यांनी एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला रडू आलं. ते गिळून पुन्हा चपला घातल्या.

"ताई, ऊठ. हॉस्पिटलात जायचंय."

"अगं, म्हातारपन हाय ते."

"म्हातारपण चार दिवसांत येत नाही."

जुईनगरच्या हॉस्पिटलात दाजी एकच शब्द पुटपुटत होते. नर्स मराठवाड्याकडची. फॉर्म भरता भरता तिनं विचारलं, "ही अलनी कोण? लेक का? बोलवून घ्या तिला."

अशी कुणी नाही, असं ताई सांगत होती आणि मी जागीच थबकले. इकडच्या बोलीत ळचा ल होतो, णचा न. अलनी म्हणजे अळणी, बिनमिठाचं.

"ताई, दाजी मीठ खातात ना?"

"महिना झाला, एक कन नाय. बीपीमुलं. वर लघवीची गोली. तूच नाय का बोललीस, मीठ सोडाच म्हनून?"

बोलले होते. डॉक्टरांनी 'कमी करा' सांगितलं होतं, 'सोडाच' हा माझा शहाणपणा. डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं.

रक्तातलं सोडियम फार खाली गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "हे विस्मरण नाही, मेंदूचा अचानक झालेला गोंधळ आहे. बहुतेक उतरेल. पण सावकाश, घाई केली तर मेंदूलाच इजा होईल." गोळी बंद झाली, सलाईन लागलं. मी खुर्ची धरून बसले. वार कोणता, गाव कोणतं, दाजींना विचारत राहिले; चुकलं की पुन्हा.

चौथ्या सकाळी विचारलं, "दाजी, मी कोण?"

त्यांनी पेजेचा घोट घेतला. "मास्तरीन. आन ही पेज अलनी हाय."

ताई पदरात तोंड लपवून हसली का रडली, कळलं नाही. मी म्हटलं, "दाजी, चूक माझी."

"जल्मभर आगरात (मिठागरात) मीठ पिकवलं. तू बोललीस म्हनून सोरलं."

परतीच्या एसटीत हेच वाक्य कानात होतं. आपला शब्द कुणी इतका पाळत असेल, तर तो जपून वापरायला हवा, हे मला या वयात कळलं.

रविवारी फोन केला. या वेळी काही शिकवायचं नाही, असं ठरवून विचारलं, "दाजी, निवटी कशी साफ करायची?" ते पहिल्यापासून सांगत गेले. एकही पायरी चुकली नाही.