थांबोबा

सावळारामच्या छातीत कळ आली ती कंपनीच्या गेटवरच, फर्स्ट शिफ्ट सुटताना. दवाखान्यात वेळेवर पोचला, स्टेंट पडली, जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. आता महाळुंग्याच्या रस्त्यावर चालायचं म्हणजे कंटेनरवाल्याच्या मर्जीवर जगायचं. सावळाराम विचारात पडला तेव्हा त्याची आई, कुशाबाई, चुलीपासून न उठता म्हणाली, "डोंगर काय कुटं पळून गेला व्हय?"

खरंच की! गावामागचा डोंगर जागच्या जागी होता. लहानपणी गुरं घेऊन सावळाराम तो दिवसातून दोनदा चढायचा. मग कंपनी लागली आणि बावीस वर्षं त्यानं डोंगराकडे नुसतं घड्याळासारखं बघितलं. ऊन कुठवर आलं एवढंच. पहिल्या दिवशी तो तिसऱ्या हिश्शालाच धापा टाकत बसला. चार महिन्यांनी माथ्यावर पोचला. खाली कंपन्यांचे पत्रे चमकत होते, नव्याकोऱ्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, आणि वारा असा की औषधाची गोळी विसरावी. सावळारामला भरून आलं. इतकी वर्षं पायथ्याशी राहून आपण या डोंगराला एकदाही रामराम घातला नाही, याची त्याला लाज वाटली.

रविवारी पिंपळे गुरव, ताथवडे अशा कुठून कुठून मंडळी यायची. गाव ज्याला डोंगर म्हणायचं त्याला ती ट्रेक म्हणायची. सावळाराम त्यांना पाण्याचा झरा दाखवायचा, ती त्याला डब्यातली पुरी-भाजी द्यायची. 'काका, काका' करत पोरंपोरी भोवती बसली की त्याला वाटायचं, आजारी पडलो हे एका परीनं बरंच झालं.

घोर एकच होता. मावळतीकडच्या कड्याची कड सुटी झालेली, आणि फोटो काढायला प्रत्येकाला नेमका तोच कडा हवा. सावळाराम तिकडे जाऊ नका सांगायचा, मंडळी "हो काका" म्हणायची आणि तिथंच जाऊन उभी राहायची. एका रविवारी आरोही नावाच्या कॉलेजातल्या मुलीचा पाय सटकला. करवंदीच्या जाळीत अडकली म्हणून वाचली. ओरखड्यांवर निभावलं, पण आता काय करावं, याचाच विचार सावळाराम घरी येईपर्यंत करत राहिला.

तो कंपनीत क्वालिटीला होता. हिरवा ट्रे म्हणजे ओके, पिवळा म्हणजे दुरुस्ती, लाल म्हणजे रिजेक्ट, हात लावायचा नाही. बावीस वर्षं हेच डोळ्यांत बसलेलं. त्यानं घराच्या फाटकाला लावून उरलेला भगवट लाल रंग उचलला, कड्याच्या तोंडाशी असलेला गुडघाभर धोंडा झकास रंगवला आणि निवांत मनानं खाली उतरला.

पुढच्या रविवारी बघतो तर धोंड्यापुढे नारळ, झेंडूची फुलं, उदबत्ती! गावातली निम्मी माणसं कंपनीत, पण कंपनीचा नियम गेटाबाहेर कोण आणतो? रंगवलेला धोंडा दिसला की हात जोडायचे, हा नियम मात्र सगळ्यांना पाठ. शेजारच्या कस्तुराकाकू तर डोळे मिटून प्रदक्षिणा घालत होत्या. अर्धा फेरा जमिनीवरून, अर्धा कड्यावरून!

"काकू, थांबा!" सावळारामनं धावत जाऊन त्यांचा दंड धरला. "हा देव न्हाई वो. मीच रंगवलाय!"

"देव कुनाच्या तरी हातानंच रंगतो, सावळा," काकू शांतपणे म्हणाल्या आणि उरलेला फेरा घालायला निघाल्या. त्यानं त्यांना जवळजवळ उचलून मागे आणलं.

सोमवारी तो रंग पुसायला थिनर घेऊन गेला. पण पुढ्यात कुणी दिवा लावून गेलेलं. त्याचा हात उठेना. घरी येऊन तो आईपुढे बसला. "आये, करायला गेलो एक नि झालं भलतंच. माझ्या हातानं कुनाचा तरी जीव जानार."

कुशाबाईनं त्याच्यापुढे ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पारावर जाऊन तिनं सगळ्यांना ऐकवलं, "देव सपनात आला. म्हनला, माजं नाव थांबोबा. तुमाला अडवाया बसलोय. माज्याम्होरं पाऊल टाकू नगा. प्रदक्षिना मला चालत न्हाई, धा पावलांवरनं हात जोडा."

कुणी शंका काढली नाही. शंकराच्या पिंडीला तरी कुठे पुरी प्रदक्षिणा असते? दुपारपर्यंत गावानं दहा पावलांवर चुन्याची रेघ मारली. रविवारी शहरातली मंडळीही रेघेशी आली, बूट काढून उभी राहिली. आरोहीसुद्धा. पुढे कुणीच गेलं नाही. जे सावळारामला वर्षभर सांगून जमलं नाही, ते थांबोबानं पहिल्याच रविवारी करून दाखवलं.

सावळारामनं घरी येऊन विचारलं, "आये, खरंच सपान पडलं व्हतं?"

"तुज्या छातीत दुखलं तवापासनं मला झोप हाय का, सपान पडाया?" कुशाबाई म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

सावळारामला आता कळलं. आपण मजेत डोंगर चढत होतो, आणि ही इथं बसून आपली एकेक धाप मोजत होती.

पुढच्या रविवारी रेघेशी उभं राहून त्यानं हात जोडले. धोंड्याला जोडले, डोंगराला जोडले, आणि मग वळून खाली दिसणाऱ्या आपल्या घराच्या पत्र्याकडे बघत पुन्हा जोडले. त्या दिवशी तो झऱ्यावर न रेंगाळता लवकर उतरला.

कुशाबाई ओट्यावर डोंगराकडे तोंड करून बसली होती.

"आलास?"

"आलो. आता दुपारभर हितंच हाय, आये."

"मंग मी जरा पडते," ती म्हणाली. पदर डोक्याखाली घेऊन तिथंच आडवी झाली, आणि सावळाराम चपला काढेपर्यंत घोरायलाही लागली.