सहा क्विंटलचा उजेड

शिवशरणला स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये सोळा वर्षं तो जॉबर, माग दुरुस्त करणारा. बंद पडलेला माग त्याचा हात लागला की खडखडू लागे. २००६ साली भारनियमन वाढलं. माग तासन्‌तास मुके उभे राहू लागले आणि ती शांतता त्याला सोसेना. काम सोडून तो राधानगरीकडं आपल्या गावी आला.

गावामागच्या पठारावर खाणवाल्यांनी चाचणीसाठी खोदून सोडलेला ऐंशी फुटी खड्डा होता. तो बघून शिवशरणच्या डोक्यात बेत शिजला: दिवसा बैलांनी वजन वर ओढायचं, संध्याकाळी वीज गेली की खाली सोडायचं आणि त्या ओढीनं डायनामो फिरवायचा. वजन म्हणून गुऱ्हाळातला मोडका चरक आणला, सहा क्विंटलचा. जुळवाजुळवीत दोन महिने गेले.

बायको रत्नव्वा ब्लाउज शिवून घर ओढत होती. ती म्हणाली, "दोन तास मला सुईत दोरा ववता आला पायजे. न्हाईतर सोमवारी शेडात. मालकाचा निरोप आलाय."

शनिवारी साडेसहाला वीज गेली. रत्नव्वा शिवण घेऊन खड्ड्याजवळ पोत्यावर बसली. शेजारच्या ज्ञानूनं बैल सोडले, शिवशरणनं खुंटी काढली. चरक धाडकन सुटू नये म्हणून त्यानं खड्ड्यावरच्या रहाटाला दुसऱ्या दोराचा वेढा घालून त्याच्या टोकाला छोटी वजनं टांगली होती; मागावर सुताचा बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, असाच आवरून धरतात. बल्ब पेटला, पण नुसता लालसर. दोरातून जळका वास येऊ लागला.

"मिस्त्री, वीज दोरातच मुरली की वो!" ज्ञानू खिदळला.

शिवशरणनं वेढ्याला हात लावला, चटका बसला. सोळा वर्षांच्या सवयीचा तो वेढाच सगळी ताकद खात होता. चरकाला आवरायला डायनामो पुरेसा होता. पण वेढा काढला तर दोन तास निघणार नव्हते.

त्यानं रत्नव्वाकडं पाहिलं. ती सुई डोळ्यांशी धरून चाचपडत होती. त्यानं वेढ्याची वजनं उतरवली.

बल्ब पांढरा लख्ख झाला. दोरा पहिल्याच खेपेला ओवला गेला. तिनं मान खाली घालून हुक लावायला घेतले. तो उभा राही, बसे, पुन्हा खड्ड्यात वाकून बघे.

खाली धप्प झालं. अंधार.

"किती झाली?" तिनं विचारलं.

"बावीस मिनिटं."

"चार हुक झाले," ती म्हणाली. "उजेड सूर्यावानी हुता."

"आसले पाच चरक लावले तर..."

"आणि सोमवार?"

"जातो की."

तो डायनामोचे नट सोडवू लागला. एक निघेना. रत्नव्वा शिवण गुंडाळून निघाली, बैलांच्या घुंगरांचा आवाज उतारावरून विरत गेला, तरी तो त्याच नटावर पाना घासत राहिला.