माझ्यासमोर हजर

दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले भरून घ्यायचं काम आमच्या शाखेत माझ्याच गळ्यात पडायचं. किन्हीराजा गावाकडच्या एका म्हातारीला गुडघ्यांमुळे बँकेत येणं जमत नसे, म्हणून रविवारी गाडी काढून मीच तिच्या घरी जाई. एका वर्षी मला नको ते शहाणपण सुचलं. पुढच्या वर्षीच्या कोऱ्या दाखल्यावरही मी तिचा अंगठा घेऊन ठेवला. वर्ष उलटल्यावर फोन लावला. "जित्ती आहो भाऊ मी," ती म्हणाली. मी ‘माझ्यासमोर हजर’ या ओळीखाली सही ठोकून मोकळा झालो. त्या दिवशी ती वाशिमच्या दवाखान्यात भरती होती. तिनं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे तपासणीत ते निघालं.

चौकशीला ती ऑटो करून आली. "मी जित्ती आहो, पाहा ना. यायनं कोनाचं काय बुडवलं?"

चौकशी अधिकाऱ्यानं मानही वर केली नाही. "तुम्ही जिवंत आहात की नाही, हा प्रश्नच नाही. त्या दिवशी यांच्यासमोर होतात का?"

"नव्हती," ती म्हणाली. बँकेनं मला बडतर्फ केलं. सव्वीस वर्षांची नोकरी गेली, तिच्याबरोबर पेन्शनही.

नागपूरला हायकोर्टात आमचं मागणं एवढंच होतं, सक्तीनं निवृत्त करा पण पेन्शन राहू द्या. तारखांमागून तारखा झाल्या. शेवटी कोर्ट म्हणालं, चौकशी नियमानं झाली आहे, पुरावा आम्ही नव्यानं तपासत नाही, आणि शिक्षा पाहून कोर्टाला धक्का बसावा इतकी ती जबर नाही. सव्वीस वर्षांत एक मेमो नाही, ते एका ओळीत आटोपलं. घरी माझ्या बायकोनं चूल पेटवली नव्हती, तिला बसलेला धक्का कोण मोजणार? वकील चहा घ्या म्हणाले, मी घेतला नाही.

म्हातारीला निकाल सांगायला गेलो.

"मी जित्ती आहो हे तं कोर्टानं मानलं ना?"

"मानलं."

"मंग तुमची नोकरी काहून गेली?"

इतकी वर्षं मी बँकेला, वकिलाला, बायकोला सांगत आलो होतो की मी काही खोटं केलं नाही. "मी खोटं लिहिलं होतं, मावशी," मी म्हणालो.