पायाखालची परात

आमच्या डायवरणीबरोबर मी शेवटचं काम केलं ते गाडी पुसायचं. रविवारची सकाळ होती. मी बादली घेऊन वाकलेलो आणि ती पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडतेय.

"तिकडं राहिलं. अरे तिकडं न्हाय, आरशाच्या मागं. इतकी वर्षं कारखान्यात भांडी चमकवलीस, इथं काय हात झडले?"

मी म्हटलं, "भांडी बोलत नव्हती."

"म्हणूनच तुझं तिथं जमलं," ती म्हणाली.

मग तिने रोजचा प्रश्न विचारला. "किल्ली सापडली?"

मी फडकं पिळत म्हटलं, "नाही."

"सापडेल. घरातली वस्तू जाते कुठं?" आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बादलीत बघायला लागलो.

गाडीची किल्ली हरवलेली नव्हती. आठ महिन्यांपूर्वी मीच ती लपवली होती, माझ्या दाढीच्या डब्यात, तुरटीच्या खाली. ती सगळ्या घराची मालकीण, स्वयंपाकघरात काही लपवायची सोय नाही. एक तो दाढीचा डबा तेवढा माझा.

डायवरीण म्हणजे माझी बायको. हे नाव तिला आमच्या कारखान्यातल्या लोकांनी ठेवलं, लग्नाच्याही आधी. ती उत्तनची, कोळ्याची पोर. सासऱ्यांचा टेम्पो होता, बंदरावरची मासळी भाईंदरच्या बाजारात न्यायचा. होडीच्या दोरात सापडून सासऱ्यांचा उजवा हात अधू झाला, घरात मुलगा नाही, तेव्हा हिने स्टिअरिंग धरलं. वय एकोणीस. मागे टोपल्या, टोपल्यांत मासळी आणि बर्फ, वर पोती, आणि पोत्यांवर बसलेल्या विकणाऱ्या बाया. बर्फ वितळायच्या आत बाजार गाठायचा, हा हिचा एकच कायदा. डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धा ही गावं ती अशी मागे टाकायची की कुत्र्यांनाही भुंकायला वेळ मिळत नसे. बाया मागे देवाचं नाव घ्यायच्या आणि खाली उतरल्या की हिला शिव्या घालायच्या. हिचं सगळ्याला एकच उत्तर. "बरफ थांबत न्हाय."

माझी तिची पहिली गाठ पडली ती याच रस्त्यावर. मी संगमेश्वराकडून आलेला, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर लागलेलो. सायकलने कामाला चाललो होतो. मागून हॉर्न आला. मी बाजूला घेईपर्यंत टेम्पो अंगाला वारा देऊन गेला, सायकल एकीकडे, मी एकीकडे आणि माझा डबा मिठागराच्या पाण्यात. टेम्पो थांबला नाही. खिडकीतून डोकं तेवढं बाहेर आलं. "सायकल चालवतोस का लोळवतोस?"

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर ती उभी. हातात नवाकोरा स्टीलचा डबा, आत बोंबलाचं कालवण. सगळा कारखाना हसला. आम्ही दिवसाला शेकडो डबे घासून बाहेर काढतोय आणि ही बाई आम्हालाच डबा आणून देतेय! मी तसं म्हटलं तर म्हणाली, "तुमचे डबे रिकामे असतात." आता यावर काय बोलणार? लग्न केलं.

आईला ती कधी पचली नाही. नवी सून पाहायला आई गावाहून आली, ही स्टँडवर टेम्पो घेऊन गेली. घरी उतरल्यावर आई खांबाला धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "पोरा, ही बाई नाही, वावटळ आहे." शिवाय ही मला सरळ अरे-तुरे करायची. आई म्हणायची, "नवऱ्याला अहो म्हणावं." ही म्हणायची, "अहो म्हणेपर्यंत तो खड्ड्यात जाईल."

सासरे गेले, टेम्पो विकला गेला, आम्ही जेसल पार्कात खोली घेतली. मधली काही वर्षं तिच्याकडे चालवायला काही नव्हतं. ती वर्षं सगळ्यात वाईट. रस्त्याने चालायची तीसुद्धा लोकांना मागे टाकत. मी दहा पावलं मागे, हातात भाजीची पिशवी. पुढे एखादा माणूस रमतगमत चालला असेल तर त्याच्या कानाशी जाऊन म्हणायची, "सरक रे, वरातीत हायस काय?" मला लाज लाज व्हायची.

मग आली आमची पहिली गाडी, आणि शेवटचीही तीच. जुनी फियाट, दुधी रंगाची, भाईंदर पश्चिमेच्या एका डॉक्टरची. बघायला गेलो तेव्हा हिने रंग बघितला नाही, सीट बघितली नाही. इंजिन चालू करायला लावलं, बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटून उभी राहिली. डॉक्टरला वाटलं हिलाच काहीतरी होतंय, तो नाडी बघायला पुढे झाला. ही म्हणाली, "हिची छाती चांगली हाय. घेऊ."

लोक दसऱ्याला गाडीची पूजा करतात. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला. तिच्या डोक्यात गाडी म्हणजे होडीच. बॉनेटला हळदकुंकू, हार, आणि गाडीच्या नावाने एक नारळ खाडीत सोडायचा. सोसायटीतले गुजराती शेजारी मला विचारायचे, "काका, गाडी पानी में चलती है क्या?" मी म्हणायचो, "हवेत चलती है. बैठके देखो." एकदा एक जण बसला. पुन्हा कधी त्याने विचारलं नाही.

आणि त्या गाडीचं तिने केलं काय? मासळीचा टेम्पो! माहेरच्या कुणाची हळद असो, साखरपुडा असो, टोपल्या डिकीत, आणि डिकी भरली की माझ्या पायाशी. बर्फाचं खारं पाणी गळून गळून गाडीची जमीन गंजली. एके दिवशी खाली बघतो तर माझ्या दोन पावलांच्या मधोमध रस्ता पळतोय. मी ओरडलो. ती म्हणाली, "खाली कशाला बघतोस? समोर बघ." शेवटी मी कारखान्यातून एक परात आणली, काठाला पोचा आला म्हणून बाजूला टाकलेली, आणि त्या भोकावर ठेवली. मेकॅनिक म्हणाला पत्रा मारून देतो. ही म्हणाली, "कशाला? परात बरी हाय. टोपलीपण नीट बसते." तेव्हापासून मी दोन्ही पाय परातीत ठेवून, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून प्रवास केला. खड्डा आला की परात वाजायची. परात वाजली की मी म्हणायचो, "हळू." मी हळू म्हटलं की ती गिअर बदलायची, पण वरचा.

काशीमिऱ्याला हायवेवर एकदा हवालदाराने अडवलं. पन्नाशी उलटलेली बाई, नऊवारी नेसलेली, बाजूला परातीत पाय ठेवून बसलेला नवरा. त्याला काय समजावं कळेना. "मावशी, कुठे आग लागलीय?"

"आग कुठली बाबा? बरफ हाय," ही म्हणाली.

त्याने डिकी उघडून बघितली. पापलेटं, सुरमई, वर बर्फ. तो मला म्हणाला, "काका, तुम्ही तरी सांगा यांना." मी म्हटलं, "साहेब, मी सांगतोच. तुम्ही एकदा सांगून बघा." त्याने दंड केला. पावती खिशात घालत ही त्याला म्हणाली, "लवकर फाडलीस हां पावती. हात चांगला हाय तुझा."

मला शिकवायचाही तिने एकदा प्रयत्न केला. जेसल पार्कच्या खाडीकाठी, मोकळी जागा बघून. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलेलं, गाडी गोगलगायीसारखी. एक म्हातारा काठी टेकत आम्हाला मागे टाकून गेला. तिने कपाळावर हात मारला. "अरे, गाडी हाय ही. भांडं न्हाय घासत बसायला." मी उतरलो तो पुन्हा त्या सीटवर बसलो नाही. गाडी चालू करणं आणि बंद करणं एवढंच शिकलो. आणि एक गोष्ट तिने डोक्यात बसवली. जुनी गाडी रोज पाच मिनिटं चालू करायची. उभी राहिली की पंधरा दिवसांत बॅटरी बसते.

गेल्या वर्षी सोसायटीच्या फाटकातून आत येताना तिला चक्कर आली. मान पुढे पडली, पाय सुटला, गाडी हळूच वळली आणि भिंतीला जाऊन टेकली. आयुष्यात एकदाच तिने गाडी हळू चालवली ती तेव्हा. कुणाला काही झालं नाही. पण त्या भिंतीवर मुलांनी खडूने स्टंप काढलेले होते, आणि मुलं नुकतीच जेवायला घरी गेली होती. ते खडूचे स्टंप मी बघितले आणि माझे पाय गाडीबाहेर पडेनात.

डॉक्टर म्हणाले, आता गाडी बंद. ही म्हणाली, "त्याला डोक्यातलं कळतं, गाडीतलं काय कळतं?" विरारहून मुलाचा फोन. "बाबा, किल्ली काढून घ्या." काढून घ्या म्हणे! त्याच्या आईच्या हातातून काही काढून घेतलेला माणूस मी अजून बघितला नाही. समोर उभं राहून, आता बस, तू चालवायची नाहीस, एवढं वाक्य बोलायची माझी छाती झाली नाही. म्हणून खुंटीवरची किल्ली उचलली, डब्यात घातली आणि तिला सांगितलं, हरवली.

आठ महिने ती विचारत राहिली आणि मी खोटं बोलत राहिलो. वर तिच्यावरच चिडायचो. चोराने चिडावं तसा. "सांगितलं ना, नाही सापडली! आणि सापडून करायचंय काय? बॅटरी कधीच मेली असेल."

ती म्हणायची, "असेल."

एरवी शब्दाला शब्द देणारी बाई नुसतं "असेल" म्हणून खिडकीकडे जायची. दुपारी चारच्या सुमाराला तिथे उभी राहून रस्ता बघायची. एखादी गाडी रेंगाळत गेली तरी काही बोलायची नाही. मला वाटायचं, उठावं, डबा उघडावा, किल्ली तिच्या हातावर ठेवावी. मग ते स्टंप आठवायचे. मी पेपर उघडायचो.

त्या रविवारी गाडी पुसून आम्ही वर आलो. तिने कोळंबीचा भात केला. मीठ कमी होतं. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या जिभेवर हाय ते टाक." जेवून आडवी झाली. चार वाजता चहा ठेवून हाक मारली ती उठली नाही. संध्याकाळपर्यंत मुलगा आला, उत्तनची माणसं आली, सगळं झालंसुद्धा. जातानाही घाई. माझा चहा तसाच ओट्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाग आली. सवयीने दूध आणायला पिशवी घेतली, मग घरात काय झालंय ते आठवलं, ठेवून दिली. सवयीनेच आरसा लावला आणि दाढीचा डबा उघडला. सुतकात दाढी करायची नसते हे तुरटी हातात घेतल्यावर आठवलं. खाली किल्ली.

ती घेऊन अनवाणी खाली गेलो. आता किल्ली जिथली तिथे लावून टाकावी, एवढंच मनात होतं. तिच्या सीटवर बसलो. लावली, फिरवली. गाडीतून काही आवाज येणार नाही हे मला माहीत होतं.

पहिल्या फटक्यात चालू झाली.

मी घाबरून बंदच करणार होतो, तेवढ्यात वॉचमन केबिनमधून धावत आला. "अंकल, बंद मत करना. आंटी पाँच मिनट चालू रखती थी."

"कधी?" मी मराठीतच ओरडलो.

"रोज. आप दूध लेने जाते थे, तब."

तो केबिनमध्ये गेला आणि दुसरी किल्ली घेऊन आला. मासळीच्या जाळ्याच्या हिरव्या दोऱ्यात बांधलेली. गाठ तिचीच, मी ओळखली. "मेरे पास रखती थी. बोलती थी, उन्होंने चाबी छुपायी है, छुपाने दो. उनको बोलना नहीं."

मी विचारलं, "गेटच्या बाहेर किती वेळा गेली?"

"एक बार भी नहीं, अंकल. गिअर में डालती ही नहीं थी. मैंने बोला, आंटी, कंपाउंड में एक राउंड मारो. बोली, नहीं. वो डरता है."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आठ महिने मी रोज सकाळी पिशवी घेऊन शहाण्यासारखा बाहेर पडतोय, आणि ही इथे गाडी चालू करून बसतेय, आणि वर येऊन मलाच विचारतेय, किल्ली सापडली? एकदा म्हणायचं होतंस ना, दे इकडं, खोटारड्या. मी दिली असती. आयुष्यभर मी हळू म्हणत राहिलो, एकदा ऐकलं नाहीस. आणि ऐकलंस तर हे असं, मला पत्ता न लागू देता. माफी मागायला तरी जागा ठेवायची.

इंजिन चालूच होतं. मी उतरलो, समोरून वळसा घातला, बॉनेटवर हात टेकवला, गाडीची छाती गरम व्हायला लागली होती. डावीकडचं दार उघडून माझ्या जागेवर बसलो. दोन्ही पाय परातीत ठेवले, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. परात बारीक आवाजात वाजत होती. तोंडाशी शब्द आला, तो मी गिळला.

वॉचमन खिडकीशी आला. "अंकल, पाँच मिनट हो गया."

मी म्हटलं, "होऊ दे."