चहाच्या शेगडीचा धूर

अहिल्या करंबेळकर रागावली की जर्मन बोलते, आणि फारच रागावली की मराठी. जर्मनीतल्या गेर्लिंगेनजवळच्या तिच्या पंपांच्या कंपनीत हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालंय. एकोणीस वर्षं खरेदी खात्यात आहे बाई. पंपाला पाइप जोडायचे बिडाचे एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, कुणाकडून घ्यायचे हे तीच ठरवते. म्हणजे ठरवायची, या मार्चपर्यंत.

हे एल्बो यायचे कोल्हापूरजवळच्या शिरोलीतून, दिनकर चौगुल्यांच्या फाउंड्रीतून. बारा वर्षांपूर्वी ती स्वतः जाऊन ती फाउंड्री बघून आली होती. सत्तर माणसं, विजेची भट्टी, भंगार वितळवून ओतकाम. पुढे छपरावर सोलरही आलं. पहिल्याच ऑर्डरीत पाचशेच्या जागी पाचशे दहा नग निघाले, तेव्हा इथल्या गोदामात केवढा गोंधळ! कागदावर पाचशे आणि खोक्यात दहा जास्त, म्हणजे काय चोरीचा माल की काय? तिनं फोन लावला तर चौगुले म्हणाले, "दहा वरचे हायेत ताई. माप देताना हात आखडायचा नसतोय." तिला हसू आलं होतं. हीच सवय पुढे नडणार आहे हे तेव्हा कुणाला माहीत!

मग युरोपनं कायदा केला. बाहेरून लोखंडी माल आणायचा तर तो बनवताना किती धूर झाला ते सांगा आणि त्या धुराचा कर भरा. यंदाच्या जानेवारीपासून तो पुरता लागू झाला. आता, कायद्याचा हेतू वाईट आहे असं अहिल्यासुद्धा म्हणत नाही. इथल्या कारखान्यांना धुराचा कर बसतो, गॅस महागलाय, शेजारच्या गावातली ओतकामाची शेड बंद पडून तिथे आता कार्पेट विकतात. मग बाहेरच्यानं फुकट का सुटावं? तिची पंधरा वर्षांची अवनी तर हवामानाच्या मोर्चांना जाते. आईनं कुरकुर केली की म्हणते, "आबर मामा, दास इस्ट डोख गूट!" चांगलंच आहे गं बाई. पण दीडशे वर्षं यांनी नदीकाठी धुराडी पेटवली तेव्हा यांना कुणी फॉर्म दिला होता? आणि आता शिरोलीच्या माणसानं अठरा पानांचा तक्ता इंग्रजीत भरायचा, नाहीतर कायद्यातला ढोबळ आकडा त्याच्या माथी. तो आकडा इतका वाईट की माल परवडूच नये.

चौगुल्यांनी तक्ता भरला. रात्रीचा दिवस करून, जावयाला हाताशी धरून भरला आणि वेळेआधी पाठवला. मार्चमधल्या एका सोमवारी खरेदी खात्याचे प्रमुख हेर ब्रेन्डले यांनी अहिल्याला बोलावलं. "आल्झो, फ्राउ करंबेळकर, तुमच्या फाउंड्रीचा धूर ढोबळ आकड्यापेक्षाही जास्त आहे."

"शक्यच नाही," ती म्हणाली. जागेवर येऊन तिनं तक्ता उघडला, रकाना रकाना वाचला आणि कपाळावर हात मारून शिरोलीला फोन लावला.

"काका, इंधनात हे डिझेल कसलं?"

"टेम्पोचं. माणसं आणायला-सोडायला जातोय न्हवं."

"ते नाही धरायचं हो! आणि हा गॅस?"

"चहाची शेगडी. सत्तर माणसांचा दोनदा चहा. धूरच की त्यो बी."

"आणि प्रत्येक आकडा इतका गोल कसा काय?"

चौगुले जरा अवघडले. "वर थोडं घातलंय, ताई. सरकारी माप. उद्या कमी भरलं तर म्हनतील, कोल्हापूरवाल्यानं फसिवलं. तुमची मान खाली जायला नगं."

अहिल्याला रडावं की ओरडावं कळेना. जगभरचे कारखाने सल्लागार नेमून धूर कमी दाखवतात, आणि हा माणूस स्वतःच्या नावावर चहाचा धूर चढवून वर मूठभर जास्त देतो!

तीन दिवसांत तिनं सगळे आकडे नीट करून घेतले. विजेची बिलं, भंगाराच्या पावत्या, सगळं जोडलं. खरा आकडा ढोबळ आकड्याच्या बराच खाली आला. गुरुवारी तिनं तो ब्रेन्डले साहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सोमवारी इतका, गुरुवारी एवढाच. यातला खरा कोणता?"

"दुसरा. पहिला त्यांनी प्रामाणिकपणानं चुकवला."

"प्रामाणिकपणाला रकाना नाही, फ्राउ करंबेळकर. मान्यताप्राप्त तपासनीस जाऊन शिक्का देईल, तर चालेल."

तपासनीसाची पहिली मोकळी तारीख होती ऑक्टोबरात. मुदत होती उद्या, शुक्रवारी. ती बोलली, भांडली, शेवटी तर चक्क मराठीत भांडली. ब्रेन्डले साहेब शांतपणे "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पत्र तुम्हीच लिहा. तुमची ओळख आहे." ओळख म्हणे! बारा वर्षांची ओळख, ती माणसाला नाही म्हणण्याच्या उपयोगाची.

तिनं पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी फोन केला. चौगुल्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "आमचं माप चुकलं म्हणायचं." "तुमचं नाही हो काका," ती म्हणाली. अर्धं काम गेलं होतं त्यांचं. दुसरी पाळी बंद करावी लागेल, हे त्यांनी सांगितलं नाही, ते जावयानं नंतर कळवलं. तीस माणसं घरी बसली.

जूनमध्ये गोदामात नव्या मालाची खोकी आली. कंपनीनं आता सुटे एल्बो आणायचेच बंद केले होते. बाहेरच्याच कुठल्याशा देशातून पंपच आख्खे आणले, एल्बो लावून, रंग देऊन, तयार. अहिल्यानं एका एल्बोवरून हात फिरवला. भरड ओतकाम, कडेला बुडबुडे. कारखान्याच्या माहितीपत्रकात भट्टीचा फोटो होता, कोळशाची भट्टी, मागे काळंकुट्ट आभाळ. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हेर ब्रेन्डले, यांचा धुराचा तक्ता कुठंय?"

"तक्ता लागत नाही."

"का?"

"हे लोखंडी सामान नाही, हे यंत्र आहे. यंत्राचा धूर कायदा विचारत नाही." मग समजूत काढावी तसं म्हणाले, "नियम मी केलेला नाही."

"चहाचा तर धरला होता," ती म्हणाली. ते त्यांना कळलं नाही. तिनंही समजावून सांगितलं नाही.

माल मिळाल्याच्या कागदावर खरेदी खात्याची सही लागते, आणि ती सही अहिल्याचीच. तिनं पेन उघडलं. संख्या बरोबर, चाळीसला चाळीस, एकही वरचा नाही. खाली 'शेरा' असा रिकामा चौकोन होता. तिथे एकोणीस वर्षांत तिनं कधी काही लिहिलं नव्हतं. आज तिनं ठसठशीत जर्मनमध्ये लिहिलं, "धूर: विचारला नाही," आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं.