खिंडीतल्या दगडाचं कुंकू

ऑगस्ट १९८६ मधला पहिला शुक्रवार. ईडन प्रेरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी सॅक भरत होते. स्वयंपाकाच्या काट्यावर एकेक पुडी ठेवून बघायची, जड वाटली तर बाजूला काढायची. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, नकाशा, होकायंत्र, औषधं. मी हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे, त्यामुळे औषधांबद्दल कुणी मला शिकवायचं नाही. वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, टेबलाशी बसून हे सगळं बघत होत्या. त्यांची सॅक भरून झाल्यावर त्यांनी पदराआडून एक लहानसा पितळी करंडा काढला आणि गुपचूप बाजूच्या खिशात सारला.

"वन्सं, ते कशाला?"

"कुंकू आहे. त्याचं कितीसं वजन?"

वन्संचे यजमान आदल्या वर्षी गेले. त्यानंतर त्या स्वतः कुंकू लावत नव्हत्या, पण करंडा जवळ असायचाच. देवाला लागतं म्हणायच्या. त्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना साताऱ्याहून बोलावून घेतलं होतं. आल्यापासून त्या फारशा बोलत नव्हत्या, खिडकीतून सपाट हिरवळ बघत राहायच्या. हे आणि वन्सं, दोघं भावंडं घाटाखालच्या गावात वाढलेली. मिनेसोटात चढ बघायचा तर पार्किंग गॅरेजमध्ये जावं लागतं. म्हणून यांनी ठरवलं, ताईला कोलोरॅडोचे डोंगर दाखवायचे.

माझं आणि देवाचं भांडण कधीच नव्हतं, पण येणंजाणंही नव्हतं. घरात पूजा हे करायचे. मला वाटायचं, माणसानं नीट तयारी केली, डोकं थंड ठेवलं, तर देवाला त्रास द्यायची वेळ येत नाही. तरी या सहलीबद्दल मनात एक पाल चुकचुकत होती. यांचं वय पन्नासच्या पुढे, बैठी नोकरी, आणि आम्ही एकदम बारा हजार फुटांवर जाणार. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सावकाश चढा. सावकाश चढायचं ठरवलं आणि तो विषय मी मिटवून टाकला.

राष्ट्रीय उद्यानाच्या त्या भागात झाडांची हद्द संपते तिथे दगडी भिंतींचा एक निवारा आहे. आत फळ्यांचे बाक, एक शेगडी, बाकी काही नाही. आम्ही पोचलो तेव्हा दोन निवृत्त शाळामास्तरणी, सख्ख्या बहिणी, आधीच पथाऱ्या टाकून बसल्या होत्या. वन्संना इंग्रजी येत नव्हतं आणि त्या दोघींना मराठी. वन्संनी त्यांच्या हातावर दशमी आणि गुळाचा खडा ठेवला, त्यांनी वन्संना सुकवलेले जर्दाळू दिले, आणि तिघी हातवारे करत चांगल्या हसल्या. वन्संना हसताना मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा पाहिलं.

सकाळी आम्ही तिघं वरच्या खिंडीपर्यंत गेलो. खिंड म्हणजे एक रुंद, उघडं पठार, नुसत्या दगडांचं. पायवाट उमटत नाही, म्हणून लोकांनी खुणेसाठी लगोरीसारख्या दगडांच्या राशी रचल्या आहेत. खिंडीत पाऊल टाकताच वन्सं थांबल्या. त्यांच्या गावाकडे खिंड ओलांडणारा माणूस तिथल्या देवापुढे एक दगड ठेवून पुढे जातो. त्यांनी तिथल्या पहिल्या राशीवर दगड ठेवला, करंडा काढला, बाटलीतल्या पाण्यानं बोट ओलं केलं आणि राशीतल्या मोठ्या दगडाच्या पोटाला कुंकवाचा टिळा लावला.

"वन्सं, इथे असलं चालत नाही. रेंजरनं पाहिलं तर दंड करील."

"दंड बंडूकडून घे म्हणावं. चांगला मिळवतोय."

बंडू म्हणजे हे. हे हसायला लागले, त्यामुळे माझा पारा आणखी चढला. मी रुमाल भिजवला आणि टिळा पुसायला घेतला.

"पुसू नकोस गं," वन्सं म्हणाल्या. "कुंकू पुसतात का?"

मी ऐकलं नाही. खसाखसा चार हात मारले, रुमाल लाल झाला, तो पिशवीत कोंबला आणि निघाले. मागे वळून पाहिलंही नाही. काम झालं असंच मी धरलं होतं. वन्सं तिथूनच परतल्या. खाली निवारा दिसत होता, ऊन स्वच्छ होतं. त्या नीट उतरताहेत हे पाहूनच आम्ही शिखराची वाट धरली.

शिखरावर पोचलो तेव्हा यांचं डोकं दुखत होतं. "सकाळचा दुसरा चहा राहिला, त्याचं हे," असं म्हणाले. मी गोळी दिली आणि लगेच उतरायला लावलं. उतरताना त्यांचा पाय भलतीकडे पडायला लागला, जसा प्यालेल्या माणसाचा पडतो. मी घरचा फोन नंबर विचारला. त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीच्या, शिकागोतल्या आमच्या भाड्याच्या घराचा नंबर सांगितला, आणि अगदी ठामपणे. उंचीवर मेंदूला सूज येते तेव्हा माणूस असा वागतो, हे मला माहीत होतं. त्यावर एकच उपाय, खाली नेणं, आणि तोही ताबडतोब. उशीर झाला तर माणूस हाती लागत नाही.

खिंडीत पोचलो आणि दरीतून धुकं वर आलं. बघता बघता माझाच हात मला पुसट दिसायला लागला. घाबरायला वेळ नव्हता. नकाशा काढला, होकायंत्र लावलं. मग कळलं की खिंडीतून राशींच्या दोन ओळी खाली उतरतात. एक निवाऱ्याकडे, दुसरी दोरावर चढणाऱ्या लोकांची, कड्याच्या माथ्याकडे. सुरुवातीला दोन्ही ओळींची दिशा जवळजवळ एकच आहे. होकायंत्राला त्यांतला फरक सांगता येत नाही. सकाळी उन्हात आम्हांला दुसरी ओळ दिसलीही नव्हती, कारण बघायची गरज नव्हती.

मी डावीकडची ओळ धरली. यांच्या पट्ट्याला घट्ट पकडून रास ते रास उतरत गेले. थोड्या वेळानं पायाखाली सुटे दगड संपले आणि गुळगुळीत कातळ लागला. समोरून, खालून, गार वारा तोंडावर येत होता आणि फार खोल कुठेतरी पाणी वाजत होतं. मी जागच्या जागी थांबले. पुढे जमीन नव्हती.

हे मटकन खाली बसले. "मला झोपायचंय," म्हणाले. मी त्यांना हलवलं, ओरडले, गालावर चापट मारली. त्यांचे डोळे मिटत होते. माझ्या सॅकमध्ये सगळं होतं आणि त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. मला स्तोत्र येत नाही, नवस माहीत नाही. मी धुक्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आता माझ्यानं होत नाही. तुम्ही बघा." कुणाला म्हणाले, ते तेव्हाही ठाऊक नव्हतं. पण मनापासून म्हणाले.

तेवढ्यात हे लहान मुलाच्या आवाजात पुटपुटले, "ताई कुठाय? खिंडीतल्या देवाला विचारलं का?"

त्यांना त्यांच्या गावची खिंड दिसत असणार. मला मात्र सकाळची दिसली. कुंकू निवाऱ्याकडून खिंडीत शिरताना लागणाऱ्या पहिल्या राशीला होतं, म्हणजे निवाऱ्याच्याच ओळीतल्या. मी ते पुसलं होतं, पण निदान तो दगड ओळखता येईल, एवढ्या आशेवर यांना उठवलं. ढकलत, ओढत, पुन्हा वर खिंडीत आणलं. एकेका राशीला हात लावत, चष्मा पुसत, वाकून बघत फिरले. एक रास करडी, दुसरी करडी, तिसरीही तशीच.

आणि मग लाल दिसलं. टिळा नव्हता तो. हाताच्या दोन पंजांएवढा लाल पट्टा होता, अर्धा दगड माखलेला. मी ओल्या रुमालानं खसाखसा पुसलं तेव्हा कुंकू निघालं नव्हतं, पसरलं होतं. धुक्यातही ते दोन हातांवरून दिसत होतं. मी त्या दगडावर हात ठेवला. तिथून खालची रास सापडली, मग तिच्या खालची, आणि मग निवाऱ्याचा धूर नाकाला आला.

त्या दोघी बहिणींनी धावत येऊन यांना आत घेतलं. त्यांतल्या धाकटीनं आपली झोपायची पिशवी यांच्या अंगाभोवती गुंडाळली, थोरलीनं चहा पाजला, आणि त्यातला अर्धा मलाही पाजला. धुकं विरताच आणखी खाली न्यायचं असं मी ठरवलं होतं, पण तेवढ्या उतारानंच यांना उतार पडला. संध्याकाळी मी नंबर विचारला. "ईडन प्रेरीचा की शिकागोचा?" असं म्हणाले, आणि मग मला रडू आलं.

वन्संना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. भावाच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"माझं बोट ते केवढं," त्या म्हणाल्या. "एवढासा टिळा त्या धुक्यात दिसला असता होय? तू पुसायला गेलीस म्हणून मोठं झालं. म्हणजे आपण दोघींनी मिळून लावलं."

यावर मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. मी काही बदलले नाही. आजही सॅक काट्यावर तोलून भरते, डोंगरात होकायंत्राशिवाय जात नाही, आणि कुणी गेलं तर रागावते. पण शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं, असं जे मला वाटायचं, ते आता वाटत नाही. आपण आपलं काम नीट करायचं. ते करताना आपल्याच हातून, आपल्या नकळत, कधी आपल्या मनाविरुद्धही जे घडतं, ते आपलं नव्हे, एवढं कबूल करायचं. ते कुणाचं, हे मला सांगता येत नाही. आभार मात्र मी रोज मानते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश निवळलं होतं. हे दशमी खात होते. पाण्याची बाटली घेऊन मी एकटीच खिंडीत गेले. त्या राशीपाशी बसून बूट काढले, मोजेही काढले, आणि बर्फासारख्या गार दगडावर उभं राहून नमस्कार केला. मग बाटलीतलं सगळं पाणी ओतून तो दगड हातानं धुतला, कारण उद्यानाचा नियम तो नियम. कुंकू ओघळून गेलं. दगडाच्या बारीक भेगांत थोडं राहिलं. तेवढं मी राहू दिलं. एक लहान दगड उचलून राशीवर ठेवला, बूट घातले, दुहेरी गाठ मारली आणि उतरायला लागले. दुपारच्या आत यांना गाडीपर्यंत न्यायचं होतं.